किर्लोस्करवाडीच्या परिसरातला उद्योगवारसा पायी पाहायचा, तर सुरुवात कुठून करावी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही नऊ जण पलूस तालुक्यात दिवसभर चाललो. किर्लोस्करवाडी स्थानकावर उतरायचे, कारखान्याच्या बाहेरच्या रस्त्याने वसाहतीकडे जायचे आणि तिथून शेतातल्या वाटेने माझ्या आजोळच्या गावापर्यंत पोहोचायचे, असा साधा बेत होता. बरोबर महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुली होत्या. स्थानकावर मी त्यांना इतिहास सांगितला. या स्थानकाचे नाव पूर्वी कुंडल रोड होते. बेळगावात लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना ठळकवाडीतली जागा नगरपालिकेच्या विस्तारामुळे सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानातली ३२ एकर जमीन दिली आणि १९१० मध्ये त्या निवडुंगाने व सापांनी भरलेल्या माळावर कारखाना उभा राहिला. मुलींनी सारे शांतपणे ऐकून घेतले, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही.

दुपारी आम्ही मामांच्या विहिरीवर डबा सोडायला बसलो आणि चित्र पालटले. विहीर काळ्या दगडात बांधलेली आहे. काठावर मोटेचे दोन दगडी खांब अजून उभे आहेत आणि चाकाचा कणा बसवण्यासाठी कोरलेल्या खोबणी त्यांत स्पष्ट दिसतात. मागे मोट ओढताना बैल ये-जा करीत ती धाव आहे, आता तिच्यावर गवत माजले आहे. खांबांपासून चार पावलांवर सिमेंटचा एक चौथरा आहे. त्यातून गंजलेले चार बोल्ट वर आले आहेत आणि भोवतालची माती तेल पिऊन इतकी काळी झाली आहे की तिथे आजही गवत उगवत नाही. हा इंजिनाचा चौथरा. त्याच्या पलीकडे पत्र्याच्या पेटीत आजच्या विजेच्या मोटारीचा स्टार्टर आहे. एका मुलीने विचारले, “हे बोल्ट एवढे जाड कशाला?” मामा म्हणाले, “एका सिलिंडरचं इंजिन होतं गं. घट्ट आवळलं नाही, तर ते हादरून हादरून चालत विहिरीत गेलं असतं.” त्यानंतर तासभर प्रश्न थांबले नाहीत.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की अशी पदयात्रा विहिरीपासून सुरू व्हावी आणि कारखान्याच्या फाटकाशी संपावी. यंत्र कशासाठी लागले हे आधी डोळ्यांनी पाहावे आणि ते कुठे घडले हे नंतर पाहावे. आमच्यातल्या काहींना हे पटलेले नाही. येत्या हिवाळ्यात पुन्हा जायचे आहे. वाटेत काय काय घ्यावे आणि कोणत्या क्रमाने घ्यावे, याविषयी आपली मते आणि अनुभव हवे आहेत.

मीटरगेज

विहिरीचे वर्णन मनापासून आवडले, पण क्रम मला मान्य नाही. स्थानक हेच या गोष्टीचे मूळ आहे. लक्ष्मणरावांना मिळालेला माळ कसण्याच्या दृष्टीने निरुपयोगी होता आणि त्याचे सगळे मोल रेल्वेत होते. पुणे–मिरज मार्ग त्या काळी मीटरगेज होता. ओतकामासाठी लागणारे कच्चे लोखंड आणि कोक ही दोन्ही जड सामग्री दुरून यायची आणि तयार झालेले नांगर पुन्हा दूरदूरच्या शेतकऱ्यांकडे जायचे. बैलगाडीच्या भरवशावर हा व्यवहार एक हंगामही टिकला नसता. पहिल्या महायुद्धात लोखंड, कोळसा आणि रंग यांचा तुटवडा पडला, तेव्हा कारखान्याची जी ओढाताण झाली तिच्यावरूनही हा माळ बाहेरच्या जगाशी किती घट्ट बांधलेला होता हे कळते.

म्हणून मी तरी लोकांना फलाटावर उभे करीन, मालधक्क्याची जागा दाखवीन आणि मगच पुढे नेईन. कुंडल रोड हे नाव जाऊन कारखान्याचे नाव स्थानकाला मिळाले, ही गोष्टही तिथेच सांगण्यासारखी आहे.

ओतारी

मी एका ओतशाळेत एकतीस वर्षे काम केले. ही ओतशाळा किर्लोस्करवाडीतली नव्हे, कोल्हापूरकडची. त्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

बहुतेक पदयात्रांमध्ये कारखान्याची इमारत दाखवतात आणि संस्थापकाचे चरित्र सांगतात. आत नेमके काय घडत होते, ते मात्र कुणी सांगत नाही. नांगराचा ओतीव फाळ कसा तयार होतो ते पाहा. आधी लाकडाचा पॅटर्न, म्हणजे फाळाचा नमुना करतात. थंड होताना लोखंड आकसते, म्हणून हा पॅटर्न हव्या त्या मापापेक्षा किंचित मोठा ठेवावा लागतो. तो दोन भागांच्या पेटीत ठेवून भोवती ओलसर वाळू ठासतात. वाळूत माती किती आणि पाणी किती, हे जुना कारागीर मुठीत दाबून ओळखतो. मूठ उघडल्यावर गोळ्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत आणि गोळा मोडला तर त्याच्या कडा ढासळता कामा नयेत. पाणी जास्त झाले, तर रस ओतताच वाफ कोंडते आणि मालात पोकळ्या राहतात. कमी झाले, तर साचा आतून ढासळतो.

दुसरीकडे कुपोला भट्टीत कोक, कच्चे लोखंड व भंगार आणि चुनखडी यांचे थर वरून पडत असतात आणि खालून हवेचा झोत चालू असतो. चुनखडी मळ ओढून घेते. तळाचे भोक मातीच्या बोळ्याने बंद केलेले असते. ते फोडले की रस धारेने पळीत येतो. तिथून साच्यापर्यंतचे अंतर दोन माणसांनी पळी उचलून, एका लयीत पावले टाकत कापायचे. वाटेत थांबायचे नाही, कारण रस निवला तर साचा अर्धाच भरतो.

कारखाना आजही चालू असल्यामुळे कुणीही उठून आत जाऊ शकणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण वाळूची एक पेटी आणि एक पॅटर्न घेऊन फाटकाबाहेरच्या झाडाखाली हे दाखवता येईल. रस ओतता येणार नाही, पण साचा नक्की करून दाखवता येईल.

झाडाखाली

ओतारी, आपण हे दाखवणार असाल तर मी पुण्याहून नक्की येईन.

कोरडवाहू

लोखंडी नांगराविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. गोष्ट खरी आहे, पण ती शेतकऱ्याचे अज्ञान दाखवण्यासाठी सांगितली जाते, याचे मला वाईट वाटते. शेतकऱ्याला साशंक राहायला सबळ कारणे होती. लाकडी नांगर जमीन फाडतो, तर लोखंडी नांगर ती उलटी करतो. उलटी केलेल्या जमिनीला ऊन चांगले लागते आणि हरळी, कुंदा या तणांची मुळे वर येऊन वाळतात, हा मोठा फायदा. परंतु काळ्या रानात तो ओढायला बैलांच्या दोन-तीन जोड्या लागत, आणि त्या एका घरात कुठून असणार? म्हणून वारंगुळा करायचा. तुझे बैल आज माझ्या रानात, माझे उद्या तुझ्या रानात. ज्याच्याकडे एकच बैल असेल, त्याने नांगर विकत घेऊन करायचे काय?

आमच्या आजोबांनी दोन भावकीत मिळून एक नांगर घेतला होता. वाटण्या झाल्या तेव्हा जमिनीचे भांडण वर्षात मिटले. नांगर आधी कुणी वापरायचा, यावरून मात्र दर उन्हाळ्यात बोलाचाली होत राहिली. तो नांगर आजही गोठ्याच्या भिंतीला टेकलेला आहे आणि त्यावरची ओतीव अक्षरे बोटाने चाचपली तर लागतात. पदयात्रेसाठी तो दाखवायला मी तयार आहे.

माळरान

मी सुतारांच्या घरातला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझे पणजोबा गावचे बलुतेदार होते. बाभळीचे लाकूड निवडून नांगर, कुळव, पाभर करायची, वर्षभर दुरुस्ती करायची आणि खळ्यावर बलुते घ्यायचे, हा त्यांचा व्यवहार होता. लोखंडी नांगर आला आणि त्या नांगराशी सुताराचा संबंध जवळजवळ उरला नाही. जो माल पूर्वी गावातच धान्याच्या मोबदल्यात मिळत होता, तो रोख पैशाने बाहेरून आणावा लागला. घरातले दोन भाऊ मुंबईला गिरणीत गेले, ते याच काळात.

मला कारखान्याबद्दल राग नाही. पण वाटेवर सुताराचा नेट, म्हणजे त्याची कामाची जागा, आणि लोहाराचा भाता नसेल, तर पदयात्रा अर्धीच राहील. १९१० च्या आधीही इथे उद्योग होता आणि तो गावाच्या मध्यावर चालत होता.

कोरडवाहू

माळरान यांचे म्हणणे पूर्ण मान्य आहे. एकच शंका आहे. सुताराचे काम गेले हे खरे, पण लोखंड आल्यामुळे लोहाराचे काम वाढले असेल ना? आमच्याकडे फाळ पाजवायला भात्यावर नेत असत, असे ऐकल्याचे आठवते.

ओतारी

लाकडी नांगराला जो घडीव लोखंडाचा फाळ असे, तो भात्यावर तापवून ठोकता येत असे. ओतीव फाळाचे तसे नाही. ओतीव लोखंड कठीण असते, आणि रस थंड धातूच्या तुकड्यावर ओतून झटकन निववला तर त्याचा तेवढा भाग आणखी कठीण होतो. म्हणून तो फाळ मातीत उशिरा झिजतो. मात्र तो तापवून हातोड्याने ठोकला तर वाकत नाही, काचेसारखा फुटतो. झिजला की काढून टाकायचा आणि नवा बसवायचा, एवढाच उपाय. म्हणून नांगर घेणारा शेतकरी पुढेही कायम त्या कारखान्याचा गिऱ्हाईक राहत असे आणि लोहाराच्या हातून एक ठरलेले काम निघून जात असे. माळरान यांचे दुःख लोहाराच्या घरातही होते, असे समजायला हरकत नाही.

माळरान

हे कारण मला आज प्रथमच समजले. आमच्या घरात “लोखंड आलं आणि लोहार बसला” असे म्हणत, पण लोखंड आल्यावर लोहार का बसावा, हे कोडे मला कधी सुटले नव्हते. आभार.

सांजवात

चर्चा फार चांगली चालली आहे. पण आतापर्यंत एकाही प्रतिसादात बाई नाही.

किर्लोस्करवाडीतून नांगर आणि पंप निघाले तशी मासिकेही निघाली. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले ते कारखान्याच्या गिऱ्हाइकांसाठी. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आले आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. जिथे पळीतून रस ओतला जात होता, त्याच वस्तीत बायकांच्या शिक्षणावर, लग्नाच्या वयावर आणि विधवांच्या प्रश्नांवर लेख जुळवले जात होते. माझ्या पणजीने ‘स्त्री’चे अंक वर्षावर्षाचे बांधून ठेवले होते. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. अंक आला की आधी घरातली कामे उरकायची आणि मग माजघराच्या उंबऱ्यावर बसून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा, हा तिचा नेम होता. समासात तिने पेन्सिलीने केलेल्या खुणा आजही दिसतात. छापखाना हाही उद्योगच आहे, आणि या वाडीचा मराठी घरांवर जितका परिणाम पंपाने झाला तितकाच मासिकांनी झाला, असे मी जबाबदारीने म्हणते.

दुसरी गोष्ट कृष्णाकाठ यांच्या विहिरीविषयी. इंजिन थंड ठेवण्यासाठी त्याच्यातून पाणी खेळवलेले असे आणि ते पाणी बाहेर पडताना चांगले कढत होऊन येई. आमच्या मळ्यात बायका कपडे धुवायला इंजिन सुरू होण्याची वाट पाहत, कारण फुकटचे ऊन पाणी तेवढेच. मामांना विचारा, चौथऱ्याजवळ धुण्याचा दगड आहे का.

कृष्णाकाठ

सांजवात, आपला प्रतिसाद वाचून लगेच मामांना फोन केला. दगड आहे. चौथऱ्यापासून आठ-दहा फुटांवर उसाच्या बांधाला पालथा पडला आहे. मामींचे म्हणणे असे की पंचवीस वर्षे त्या दगडाबद्दल त्यांना कुणी काही विचारले नव्हते.

हजारमाची

विषयाला थोडा फाटा फोडतो. याच लोहमार्गावर, कराड स्थानकाला लागून ओगलेवाडी आहे. ओगले बंधूंचा काच कारखाना १९१६ चा, आणि त्यालाही औंधच्या पंतप्रतिनिधींचा आधार होता. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रातल्या घराघरांत होता. वडिलांचे नाव त्यांनी कंदिलाला दिले. त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, पैसा फंडाचा काच कारखाना तळेगावात उभा राहिला होता. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून त्याचा पाया घातला होता.

माझे लहानपण कंदिलाच्या उजेडात गेले. दिवेलागणीच्या आधी चुलीतली राख आणि मऊ फडके घेऊन काच पुसणे हे माझे काम होते. काच चिमटीत धरायची आणि फडके आतून फिरवायचे. काजळीचा एखादा पट्टा राहिला, तर भिंतीवर रात्रभर त्याची सावली पडे आणि आई ती दाखवून देई.

किर्लोस्करवाडीचा कारखाना चालू आहे, पण ओगलेवाडीत आता कंदील होत नाहीत. मग अशा ठिकाणी पदयात्रा कशाची काढायची, हा प्रश्न मला फार दिवस पडला आहे. सांगणारी माणसे वयस्क झाली आहेत. त्यांच्याकडचे ऐकून घेण्याचे काम तरी लवकर व्हायला हवे.

सेव्हर्नतीर

मी इंग्लंडमध्ये श्रॉपशरमध्ये राहतो. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर कोलब्रुकडेल आहे, जिथे अब्राहम डार्बीने १७०९ मध्ये दगडी कोळशापासून केलेला कोक वापरून लोखंड गाळले. ओतारी यांच्या कुपोलातल्या कोकचा वंश इथपर्यंत पोहोचतो. जवळच सेव्हर्न नदीवरचा ओतीव लोखंडाचा पूल आहे. तो १७७९ मध्ये उभारला. ओतीव लोखंडाची एवढी कमान करण्याचा अनुभव कुणालाच नव्हता, म्हणून त्याचे भाग सुतारकामातल्यासारखी कुसे आणि खाचा घालून जोडले आहेत. लोखंडाचे काम, पण सांधे सुताराचे. माळरान यांना हे पाहून बरे वाटेल.

तिथे हिंडताना मला सर्वांत भावते ते हे, की वस्तू शक्य तिथे जागच्या जागी ठेवल्या आहेत. जुनी भट्टी जिथे होती तिथेच आहे आणि कामगारांची घरेही तिथेच आहेत. म्हणून हजारमाचींना माझे सांगणे असे की कारखाना बंद पडला तरी पदयात्रा निघू शकते. कोलब्रुकडेलची ती भट्टी विझूनही दोनशे वर्षे होऊन गेली.

गुळव्या

इंग्लंडच्या पुलाइतकीच मोलाची एक वस्तू आमच्या शेजारच्या गावात गेल्या उन्हाळ्यात भंगारात गेली. बैलांनी ओढायचा, उसाचा रस काढण्याचा तीन लाटांचा ओतीव चरक होता. वजनावर पैसे मिळाले, दुपारपर्यंत टेम्पो निघूनही गेला. मालकाला दोष देता येत नाही. घर बांधायचे होते आणि अंगणात जागा नव्हती. मला कळले तेव्हा मातीत फक्त त्याच्या बैठकीचा गोल खड्डा राहिला होता. त्या खड्ड्याचे छायाचित्र मी काढून ठेवले आहे.

कृष्णाकाठ, आपल्या वाटेवर चालू गुऱ्हाळ असेल तर ते अवश्य घ्या. आता चरक विजेवर चालतो, पण बाकीचे बरेचसे तेच आहे. चुलवाणात चिपाड सारणारा जाळव्या वेगळा आणि काहिलीतल्या रसाकडे पाहणारा गुळव्या वेगळा. रसात भेंडीचे पाणी घातले की मळी वर येते आणि ती काढत राहावे लागते. पाक झाला की नाही हे ठरवताना गुळव्या थेंबभर पाक गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी त्याची गोळी होते का पाहतो. ओतारी यांनी मुठीतल्या वाळूचे सांगितले, त्याच जातीचे हे ज्ञान आहे. माझे वडील गुळव्या होते आणि त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना शेवटी ऊन-गार कळत नव्हते.

बैलांच्या चरकाबद्दल एक गोष्ट लपवू नये. ऊस घालणारा माणूस लाटांच्या अगदी पुढ्यात बसायचा, आणि बैल काही हाक मारताक्षणी थांबत नाहीत. पंचक्रोशीत बोटे गमावलेली माणसे होती. तीही सांगितली पाहिजेत.

औंधचा

गुळव्या यांच्या शेवटच्या वाक्यावरून सुचले म्हणून लिहितो. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये जी जाळपोळ झाली, तिच्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. पदयात्रेत हे सांगावे की टाळावे? माझे मत टाळावे असे आहे. सगळे गोडीने चालले असताना जुनी जखम कशाला उघडायची?

सांजवात

मला वाटते, सांगावे. त्यासाठी आवाज चढवावा लागत नाही की कुणाकडे बोटही दाखवावे लागत नाही. आग लागली, नुकसान झाले आणि कारखाना पुन्हा उभा राहिला. पुन्हा उभा करणाऱ्यांत पंचक्रोशीतले कामगार होते. दहा वर्षांच्या मुलालाही एवढे समजते. गाळले, तर पुढे कधीतरी त्याला ते भलत्याच माणसाकडून आणि भलत्याच शब्दांत कळेल.

मीटरगेज

सांजवात यांच्याशी सहमत. सांगायचेच, तर संस्थापकाबरोबरच्या माणसांची नावेही घ्यावीत. वसाहतीची आखणी आणि कारभार पाहणारे रामुअण्णा, हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे, शाळा अर्धवट सोडूनही यंत्ररचनेत तरबेज असलेले अनंतराव फळणीकर. एका माणसाने कारखाना उभारला असे सांगण्यापेक्षा हे अधिक खरे आहे.

कौलारू

वसाहतीतून किंवा गावातून जाताना छपरांकडेही पाहा. मंगलोरी कौल उलटे केले की बहुतेक वेळा त्यावर कारखान्याचे नाव दाबलेले असते. अशी कौले करण्याचा कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये काढला आणि नंतर पश्चिम किनाऱ्यावर असे अनेक कारखाने निघाले. आमच्या पडवीच्या एका छपरावर चार निरनिराळ्या कारखान्यांची कौले निघाली. जसजसे पैसे आले तसतसे छप्पर वाढत गेले, एवढे त्यावरून कळले. मुलांना ही नावे शोधायला फार आवडते. फक्त उतरवून ठेवलेली कौलेच पाहू द्या, छपरावर कुणाला चढू देऊ नका.

कोरडवाहू

अक्षरांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. नांगरावरची झिजलेली अक्षरे छायाचित्रात नीट येत नाहीत. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासली की ती छान उठतात. शेजारी तारीख, गाव आणि वस्तू कुठे ठेवली होती ते लिहावे. मालकाची परवानगी आधी घ्यावी, आणि त्याचे नाव जाहीर करायचे की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे, नाहीतर दुसऱ्याच दिवशी दारात भंगारवाला उभा राहतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे सगळे वाचून मी माझा आग्रह थोडा बदलला आहे.

मीटरगेज यांचा मुद्दा योग्य आहे. रेल्वेशिवाय ही गोष्ट उभी राहत नाही. तरीही तिची सुरुवात गरजेपासून व्हावी, असे मला अजून वाटते. म्हणून आम्ही सकाळी एसटीने मामांच्या गावी जाऊ आणि दिवस विहिरीवर सुरू करू. मोटेचे खांब, इंजिनाचा चौथरा आणि आता मामींचा दगडही पाहू. तिथून गावात सुताराच्या नेटावर आणि भात्यावर जाऊ. माळरान तिथे बोलतील अशी आशा आहे. मग कोरडवाहू यांचा गोठा, दुपारी गुऱ्हाळ, आणि उन्हे उतरताना कारखान्याच्या फाटकाबाहेर ओतारी यांची वाळूची पेटी. संध्याकाळी सगळे फलाटावर उभे राहू, तिथे मीटरगेज यांनी बोलावे आणि गाडी आली की निघावे. माल जसा निघत असे, तसेच आपणही निघू. १९४८ चे फाटकाजवळ सांगू, सांजवात यांनी लिहिले आहे त्याच शब्दांत.

ओगलेवाडीसाठी वेगळा दिवस ठेवू आणि हजारमाचींशी बोलून घेऊ.

ओतारी

पेटी, पॅटर्न आणि वाळू मी आणतो. वाळू आदल्या दिवशी भिजवून झाकून ठेवावी लागते, म्हणून तारीख चार दिवस आधी कळवा.

झाडाखाली

चालण्याचे अंतर एकूण किती? माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी उमेदीची वर्षे पंप आणि इंजिने दुरुस्त करण्यात घालवली आणि धागा वाचून दाखवल्यापासून ते यायचेच म्हणत आहेत.

कृष्णाकाठ

सगळे मिळून नऊ-दहा किलोमीटर होईल. वडिलांना अवश्य आणा. दोन टप्प्यांमधले अंतर ते मामांच्या गाडीतून येतील.

मामांनी काल माळ्यावरून इंजिनाचे हँडल काढून ठेवले आहे. इंजिन विकले तेव्हा ते चुकून घरीच राहिले होते. मामा म्हणतात की मुलींना त्या चौथऱ्यापाशी उभे करून ते कसे मारायचे ते दाखवणार. आधी डाव्या हाताने वरचा खटका उचलून धरायचा म्हणजे सिलिंडरमधली हवा कोंडत नाही, मग उजव्या हाताने फिरवत वेग आणायचा आणि वेग आला की खटका सोडायचा. अंगठा मुठीत आवळायचा नाही, बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर आवळलेला अंगठा जागेवर राहत नाही. झाडाखाली, आपल्या वडिलांना हे माहीत असणारच. मामांना त्यांच्याकडून एक गोष्ट विचारायची आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे इंजिन लवकर सुरू व्हावे म्हणून ते काय करीत असत?

झाडाखाली

वडिलांना विचारले. ते म्हणाले, “येऊन सांगतो. आधी चौथरा पाहू दे, बोल्टांच्या अंतरावरून इंजिन कुठलं होतं ते मला कळेल.”